गिटार: महिनाभर खरेदी बंद, एक तुकडा रेकॉर्ड करून पूर्ण

खर्जाची तार

मंडळी, या गिटार मंचावर "कोणतं इफेक्ट पेडल घेऊ" असं विचारलं की प्रतिसादांचा पाऊस पडतो. त्याच पेडलवर वाजवलेलं काही टाकलं की धागा दोन दिवसांत तळाला. म्हणून हा धागा फक्त वाजवून पूर्ण करण्याचा.

अटी सोप्या आहेत. एक गिटार, एक इनपुट (गिटार किंवा माइक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस असेल तर तो, नसेल तर फोन), चार ट्रॅक, एक महिना. तारा, पिक आणि बॅटरी सोडून काही विकत घ्यायचं नाही. फुकटचे प्लगइन उतरवत बसणं हीसुद्धा खरेदीच धरायची. पैसे जात नाहीत, संध्याकाळ मात्र जाते.

चारच ट्रॅक का? टीॲकने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ १४४ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. लोकांनी त्यावर अख्खे अल्बम केले. दोन ट्रॅक ऱ्हिदमला, एक लीडला, एक बेस किंवा ठेक्याला. पाचवा हवासा वाटला तर आधीच्या चारातला एक काढा. निम्म्या वेळा त्या काढण्यानेच तुकडा सुधारतो.

लांबीचं गणित: टेम्पो मिनिटाला ८० मात्रा, चार मात्रांचा बार, म्हणजे एक बार ३ सेकंदांचा. आठ-आठ बारांचे भाग अ-अ-ब-अ लावले की ३२ बार, ९६ सेकंद. तेच दोनदा वाजवलं की ३ मिनिटं १२ सेकंद. म्हणजे रचायचे आहेत फक्त १६ बार, अ आणि ब. दुसऱ्या फेरीत एक कॉर्ड बदला किंवा लीड वरच्या सप्तकात न्या, झालं.

पहिला आठवडा रचना, फोनवर कच्ची नोंद. दुसरा तारा, सेटअप (गिटारची जुळणी) आणि क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, सराव. तिसरा रेकॉर्डिंग. चौथा मिक्स. महिनाअखेर जे असेल ते इथे टाकायचं.

अजून एक. जवळ वही ठेवा. काही विकत घ्यावंसं वाटलं तर वस्तूचं नाव लिहू नका, दोष लिहा, तोही वेळेसकट: "०:४७ ला खालची ई भणभणते." (खालची ई म्हणजे सगळ्यात जाड, खर्जाची तार.) एकच दोष तीन वेगवेगळ्या रेकॉर्डिंगमध्ये दिसला, आणि तारा, सेटअप, माइकची जागा बदलूनही गेला नाही, तर खुशाल खरेदी करा.

टोनचा भुंगा

अर्धं पटलं. बाराव्या फ्रेटवर चार मिमी ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) असलेली गिटार हातात दिलीत तर महिनाभर नुसती बोटं सोलतील. बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची) बसत नाही म्हणून माणूस नवी गिटार बघायला लागतो, आणि त्यात त्याचं फार चुकतंही नाही.

खर्जाची तार

सेटअप म्हणजे दुरुस्ती, खरेदी नव्हे. ते चालेल. नव्हे, करायलाच हवं. क्रम मात्र पाळा, उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं.

आधी नव्या तारा लावून सुरात आणा. अकूस्टिकला ०१२–०५३, इलेक्ट्रिकला ०१०–०४६ हे नेहमीचे संच (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशांत). जाडी बदललीत तर मानेवरचा ताण बदलतो, म्हणून मोजमाप जुन्या तारांवर घेऊ नका.

मग मानेचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर खालची ई दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट राहते ते बघा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने, नसेलच तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात आणून मोजायचं. रॉडचा स्क्रू अडला तर जोर करू नका, कारागिराकडे न्या.

मग ॲक्शन, बाराव्या फ्रेटवर. अकूस्टिकला खालची ई २.५ मिमी, वरची २ च्या आसपास. इलेक्ट्रिकला १.८ आणि १.५. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते.

मग नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद सरकेल एवढीच फट हवी. फट जास्त असेल तर पहिल्या तीन फ्रेटांवरच्या कॉर्ड सुरातल्या असूनही बेसूर वाजतात, आणि दोष ट्यूनरच्या माथी जातो. खाच कापणं कारागिराचं काम. जास्त कापली गेली तर अख्खा नट बदलावा लागतो.

सगळ्यात शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) स्क्रूने मागे, उतरा असेल तर पुढे. अकूस्टिकला हा स्क्रू नसतो, तिथे आधी नव्या तारांवर भागतं का ते बघा. बऱ्याचदा भागतं.

टोनचा भुंगा

पिकअपची (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबक-वेटोळ्याची) उंचीही त्यात घाला. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप तारांच्या फार जवळ आणला की चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटांवर खालची ई लडखडते. एकाच तारेत दोन सूर ऐकू येतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: खर्जाकडे २.४ मिमी, वरच्या तारेकडे २. बाकी सगळं कानाने.

आणि पेडलच्या आधी पिक बदलून बघा. ०.६० मिमीचा पिक तारेवर वाकतो, त्याची टकटक रेकॉर्डिंगमध्ये सुरापेक्षा पुढे येते. १ मिमीच्या वर गेलात की तोच हात भरदार ऐकू येतो. ब्रिजपासून चार बोटं पुढे सरकून वाजवलं तर आणखी फरक. हा सगळा खर्च एका वडापावात बसतो.

कोरडा सिग्नल

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी.

इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' बटण असतं, ते दाबा. तिथला इनपुट साधारण १ मेगाओहमचा असतो. पॅसिव्ह पिकअप दहा-वीस किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडला की वरचा सगळा उजेड गिळला जातो. "माझी गिटार मेणचट वाजते" या तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हे बटणच असतं. केबल तीन मीटरची पुरे. मीटरमागे शंभरेक पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. सात-आठ मीटरचं वेटोळं ओढत बसलात तर तीच कथा.

लेव्हल: तुकड्यातली सगळ्यात जोरकस कॉर्ड वाजवा, शिखर −१२ डेसिबलच्या आसपास राहू दे. २४ बिटवर काठोकाठ भरायची गरज नाही, आणि इनपुटला फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ९६ मध्ये जाऊन फाइली तेवढ्या दुप्पट होतील.

ॲम्प सिम्युलेटर वापरत असाल तर कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीची नक्कल) चालू आहे ना बघा. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने पडतो. तो मध्ये नसेल तर डिस्टॉर्शन माशी घोंगावल्यासारखं लागतं. उलट चूक न्यूरल ॲम्प मॉडेलर या सॉफ्टवेअरच्या कॅप्चरमध्ये (खऱ्या ॲम्पच्या आवाजाच्या नकलेत) होते: कॅप्चर अख्ख्या रिगचा, म्हणजे कॅबिनेट आतच, आणि वर पुन्हा आयआर (कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल) लावलेला. दोन स्पीकर एकामागे एक. आवाज गोधडीतून आल्यासारखा.

गेन खोलीत गोड वाटतो त्याहून कमी ठेवा. दोन टेक डावी-उजवीकडे पसरले की घनता आपोआप वाढते. आणि ते दोन टेक दोनदा वाजवलेलेच हवेत. एकाच टेकची नक्कल करून दोन बाजूंना टाकली तर तो मोनोच राहतो, फक्त मोठा. काही मिलिसेकंद सरकवून फसवायला गेलात तर मोनोत ऐकताना अधूनमधून काही फ्रिक्वेन्सी गळतात.

चाळकरी

घर जुनं, लाकडी जिन्याचं. सॉकेट बहुतेक दोन पिनांचे. गेन वाढवला की घूं... लॅपटॉपला चार्जर लावला की अजून जास्त. नॉइज गेट (बारीक आवाज अडवणारं उपकरण) घ्यायचा विचार होता, तोवर हा धागा दिसला.

अर्थिंगवाले काका

गेट थांबवा. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज एकत्र झालेत, आधी ते सुटे करा.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. गेलेला भाग चार्जरचा. अर्थिंग नसलेल्या चार्जरमधून थोडा करंट गळतो आणि इंटरफेसमार्गे गिटारच्या तारांपर्यंत येतो. तारांना हात लावला की कमी होतो तो बऱ्याचदा हाच. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर राहा, विषय संपला.

उरलेली घूं सिंगल कॉइलची असेल. खुर्चीवर बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका कोनात ती बरीच पडते. त्या दिशेला खुर्ची पक्की करा. मॉनिटर आणि चार्जर हाताच्या अंतराबाहेर. तीन पिकअपवाल्या बहुतेक गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला की घूं जवळपास जाते.

घूं नसून चरचर असेल तर पंख्याचा रेग्युलेटर बघा. ट्रायॅकवाला गोल फिरणारा रेग्युलेटर मधल्या स्पीडवर पिकअपमध्ये चरचरतो. पंखा बंद, दिव्याचा डिमर असेल तर तोही बंद. माइकवर रेकॉर्ड करणाऱ्यांना पंखा तसाही बंद करावाच लागतो.

व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना खरखरते? काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा खुंटीखालच्या पॉटच्या फटीत, खुंटी वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे. जॅक हलवला की आवाज तुटतो? आतली पट्टी सैल आहे, नाहीतर टाका सुटलाय. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावच्या रेडिओवाल्याकडे पंधरा मिनिटांचं काम.

आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या किंवा झटका येत असेल तर वाजवणं बंद. आधी वायरमन बोलवा. तिसरी, अर्थिंगची पिन तोडून "घूं जाते बघ" सांगणारे भेटतील. त्यांच्या घरी त्यांनी काय वाट्टेल ते करावं.

चाळकरी

बॅटरीवर तीन चतुर्थांश गेली. उरलेली फिरल्यावर. खिडकीकडे पाठ करून बसावं लागतंय, पण चालेल. गेट रद्द.

गोधडी स्टुडिओ

अकूस्टिक आणि एकच माइक असेल तर जागा सगळं ठरवते. माइक बाराव्या फ्रेटसमोर, २० ते ३० सेंटीमीटरवर, तोंड मान आणि पोट जुळतात तिकडे किंचित वळवलेलं. भोकासमोर धरू नका. आतल्या हवेचा अनुनाद शंभर हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे जी आणि जी शार्प ढोलासारखे उठतात आणि बाकीचे सूर मागे राहतात. त्यात कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा) माइक जवळ आणला की खर्ज आणखी फुगतो. अंतर पाच सेंटीमीटरने बदललं तरी ऐकू येतं, म्हणून जमिनीवर खडूने खुर्चीच्या पायांच्या आणि स्टँडच्या खुणा करा. दुसऱ्या दिवशी पंच करायला (चुकलेला भाग तेवढाच पुन्हा रेकॉर्ड करायला) बसलात तर त्याशिवाय जुळणार नाही.

गोधडी कुठे लावायची यात सगळे गल्लत करतात. माइकच्या मागे नव्हे, वाजवणाऱ्याच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक मागचं कमी ऐकतो, समोरचं सगळं ऐकतो. तुमच्या पाठीमागची भिंत ही त्याच्यासाठी समोर आहे. दोन गोधड्या दोरीवर, भिंतीपासून वीतभर सोडून. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याला पाठ लावून बसलात तरी उत्तम.

फोनवर करणाऱ्यांनी फोन गादीवर ठेवू नये. खालच्या कापडाने वरचे सूर मरतात. फोन विमान मोडमध्ये, तोंडासमोर नाही तर गिटारच्या उंचीला, दोन वितींवर. आवाज आपोआप वरखाली होत असेल तर ते ऑटो गेन आहे. ते बंद करू देणारं ॲप वापरा आणि फाइल वेव्हमध्ये घ्या.

वेळ: दुपारी अडीच ते चार. कुकरच्या शिट्ट्या थांबलेल्या असतात आणि शाळेच्या रिक्षा अजून आलेल्या नसतात.

मात्रा चुकली

क्लिकवर वाजवतोय असं वाटतं, पण नंतर ऐकलं की दुसरा ट्रॅक नेहमी थोडा मागे. बोटं मंद आहेत की मशीन?

कोरडा सिग्नल

नेहमी सारखाच मागे असेल तर मशीन. कधी पुढे कधी मागे असेल तर बोटं.

तपासणी अशी. हेडफोन काढून स्पीकर बंद करा. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल घाला, डायरेक्ट मॉनिटरिंग (इनपुट थेट आउटपुटला ऐकवणं) बंद, नाहीतर सिग्नल गोल फिरत राहील. एका ट्रॅकवर क्लिकची फाइल ठेवा आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही झूम करून मधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा आणि तो आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा. रीपरमध्ये ऑडिओच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ही जागा आहे, ऑडॅसिटीत लेटन्सी कॉम्पेन्सेशन म्हणून, तिथे आकडा मिलिसेकंदांत. पुन्हा रेकॉर्ड करून बघा, फरक शून्याजवळ यायला हवा.

वाजवताना बोट आणि आवाज यांत जाणवणारा उशीर ही वेगळी गोष्ट. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचा वेळ. साताठ मिलिसेकंद होतात. ध्वनी एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून अडीच मीटरवर उभं राहिल्यासारखं. त्याची सवय होते. विंडोजवर मात्र इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हरच निवडा. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर हा उशीर सहज कितीतरी पट होतो. मिक्सच्या वेळी बफर १०२४ वर न्या, तडतड थांबेल.

मात्रा चुकली

४३० सॅम्पल निघाले. भरल्यावर ट्रॅक जागेवर.

टोनचा भुंगा

एक वाद घालतोच. सगळे सांगतात कोरडा (इफेक्ट न लावलेला) सिग्नल रेकॉर्ड करा, टोन नंतर ठरवा. मला ते पटत नाही. टोन नंतरवर टाकला की चौथा आठवडा ॲम्प मॉडेल चाळण्यात जातो. ही दुकानातलीच विंडो शॉपिंग आहे, घरबसल्या. शिवाय डिस्टॉर्शन ऐकत वाजवताना हात तारा वेगळ्या दाबतो, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबणं) वेगळा बसतो. स्वच्छ आवाजावर वाजवून नंतर गेन लावला की टेक पोकळ निघतो.

कोरडा सिग्नल

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, वाजवताना शेवटचा टोनच ऐकायचा. पण कोरडी फाइल सोबत साठवायला काय जातं? गेन जास्त झाला हे तिसऱ्या आठवड्यात कळत नाही, चौथ्यात कळतं. मधला मार्ग: दोन्ही साठवा, कोरडा ट्रॅक लपवून ठेवा, आणि टोन बदलायची मुभा एकदाच.

टोनचा भुंगा

एकदाच. मंजूर. "एकदाच" कोण मोजणार ते विचारत नाही.

सागवान

मुक्काम रत्नागिरी. जुलै. सुरात आणलेली अकूस्टिक दुसऱ्या दिवशी चढी आणि ॲक्शन वर गेलेली. दर आठवड्याला ट्रस रॉड फिरवायचा का?

खर्जाची तार

अजिबात नको. पावसाळ्यात वरची फळी पाणी पिऊन फुगते आणि ब्रिज वर उचलते. मानेचा त्यात वाटा कमी. ट्रस रॉडने फळी खाली बसत नाही, आणि ऑक्टोबर कोरडा पडला की मान उलटी जाऊन तारा फ्रेटांवर भणभणतात. गिटार भिंतीवर टांगू नका, केसमध्ये बंद ठेवा. आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के हवी. जेलने रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या, पण कापडी पुडीतून काढून. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, खालच्या बाजूनेही. कोकणात गंज तिथूनच धरतो.

विदर्भातल्या मंडळींचं उलट. मे महिन्यात फ्रेटांची टोकं बोटांना बोचायला लागली की लाकूड आकसलंय. तिथे केसमध्ये जेल नको, भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवा. पाणी गळता कामा नये.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: ज्या खोलीत रेकॉर्ड करणार तिथे गिटार अर्धा तास आधी केसबाहेर काढून ठेवा. सूर लावताना नेहमी खालून वर या. चढा असलेला सूर नुसता उतरवून सोडलात तर नटमध्ये अडकलेली तार पहिल्या बेंडला आणखी खाली येते. खाचेत ६बी पेन्सिलचं शिसं घासा. कॅपो लावल्यावर पुन्हा सूर तपासा.

गोधडी स्टुडिओ

चौथ्या आठवड्यासाठी थोडं. गिटारवर ८० हर्ट्झच्या खाली कट लावा. खालची ई ८२.४ ची आहे, त्याखाली फक्त टेबलाची धडधड असते. ड्रॉप डी (खालची ई उतरवून डी केलेली) असेल तर ७० ला या, कारण ती ७३.४ वर आहे. बेस असेल तर ऱ्हिदम गिटार १२० पर्यंत कापली तरी मिक्समध्ये कळत नाही. बोटं सरकल्याची चिंची पूर्ण पुसू नका, तेवढ्याच तुकड्याचा आवाज ६ डेसिबलने खाली घ्या. रिव्हर्ब एकच, वेगळ्या ट्रॅकवर, सगळ्यांना त्यातूनच. एकदा मोनोत ऐका, एकदा फोनच्या स्पीकरवर.

शेवटी शिखर −१ डेसिबल ट्रू पीकच्या खाली. स्ट्रीमिंगवर −१४ एलयूएफएसचा (सरासरी मोठेपणाच्या मापाचा) बोलबाला आहे, पण एकट्या अकूस्टिकला तिथवर नेण्यासाठी लिमिटरने चेपू नका. −१८ ला राहिली तरी काही बिघडत नाही.

मात्रा चुकली

पंच करताना सांधा ऐकू येतो. आधीच्या कॉर्डची आस एकदम तुटते.

कोरडा सिग्नल

पंचच्या जागेपासून वाजवायला सुरुवात करताय म्हणून. दोन बार आधीपासून सोबत वाजवा, म्हणजे आधीच्या कॉर्डची आस नव्या टेकमध्येही असेल. सांधा ठोक्यावर नाही, ठोक्याच्या जरा आधी, आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (जुना टेक विरत असताना नवा चढतो तो).

सागवान

आणि शेवटची कॉर्ड विरताना मागे बारीक टिक-टिक येतेय. वाटलं माइक खराब.

गोधडी स्टुडिओ

हेडफोनमधून गळणारी क्लिक आहे. वाजवताना गिटारखाली दबते, शेवटी उघडी पडते. बंद कपांचे हेडफोन, दोन्ही कान झाकून, आणि क्लिकचा तीक्ष्ण बीप बदलून खुळखुळ्यासारखा बोथट आवाज. शेवटच्या ठोक्यानंतर क्लिकचा ट्रॅक म्यूट होईल अशी ऑटोमेशन टाका. अख्खं पुन्हा वाजवू नका. शेवटचे चार बार पंच करा, आणि कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत खुर्ची कुरकुरू देऊ नका.